उष्णतेचा हिशेब: शिरूर-दौंडचे कारखाने आणि आयात वायू

शिरूर आणि दौंड तालुक्यांत नैसर्गिक वायू लागतो तो कारखान्यांना: वाफ करायला, भट्टी तापवायला, पत्र्यावरचा रंग भाजून पक्का करायला. घर उबदार ठेवण्यासाठी वायू जाळावा लागेल असा हिवाळा इकडे पडत नाही. युरोपात तो पडतो. म्हणून २०२२ मध्ये रशियातून नळाने येणारा वायू आटला, तेव्हा तिथल्या सरकारांना लोकांना खोल्या थोड्या कमी तापवायला सांगून बरीच बचत साधता आली. कारखान्याला ही सोय नाही. द्रावकाचे ऊर्ध्वपातन ज्या तापमानाला होते त्याच तापमानाला ते होते, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या खाली वितळत नाही. त्यामुळे वायूची आयात कमी करण्याचा प्रश्न इथे येतो तो औद्योगिक उष्णतेचा प्रश्न म्हणून, आणि त्याची उत्तरेही कारखान्याच्या आतच शोधावी लागतात.

दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. शिरूरच्या उत्तरेला घोड नदी, शिरूर-दौंडच्या मधे भीमा. पाऊस बेताचा, ऊन भरपूर, आणि कालवे व उपसा योजनांचे पाणी पोचले तिथे ऊस. या शेतीत नव्वदच्या दशकापासून मोठे कारखाने येऊन बसले. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव गणपतीची पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी राहिली. शीतकपाटे, धुलाईयंत्रे, मोटारी व त्यांची इंजिने, खाद्यपदार्थ असे तिथले उत्पादन आहे. त्याच रस्त्यावर अलीकडे सणसवाडी, शिक्रापूर आणि कोरेगाव भीमा हा कारखान्यांचा पट्टा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभचा तोंडवळा वेगळा. ती रसायनांची आणि औषधी द्रव्यांची वसाहत. अल्काइल अमाइन्स, सिप्ला, एमक्युअर यांचे कारखाने तिथे आहेत. रांजणगावला उष्णता लागते ती बरीचशी रंगकामाच्या ओव्हनला आणि धातुकामाला. कुरकुंभला ती लागते वाफेच्या रूपाने, रात्रंदिवस.

या वसाहतींच्या आधीपासून या भागात उष्णतेचा एक मोठा उद्योग चालत आला आहे, तो साखरेचा आणि गुळाचा. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा हे कारखाने आणि केडगाव-राहू-यवत परिसरातली गुऱ्हाळे मिळून जी उष्णता वापरतात, तिच्यासाठी बाहेरून वायू आणावा लागत नाही. उसाचा रस आटवायला उसाचाच चोथा पुरतो. आयात वायूला पर्याय शोधताना नजर प्रथम या चोथ्याकडे जाते. तो किती आणि कोणासाठी पुरेल, हे मात्र हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

भारतात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी साधारण निम्मा आयात होतो. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात जहाजाने येतो. द्रव झाल्यावर त्याचे आकारमान सहाशे पटीने घटते. गुजरातेत दहेजला पेट्रोनेटचे टर्मिनल २००४ मध्ये सुरू झाले आणि कतारशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या कराराचा वायू तिथे उतरू लागला. वर्षाला ७५ लाख टनांचा हा करार २०२४ च्या फेब्रुवारीत २०४८ पर्यंत वाढवण्यात आला. दहेज-उरण-पनवेल वाहिनीने हा वायू महाराष्ट्रात येतो. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि चाकण-तळेगाव भागांत महाराष्ट्र नॅचरल गॅस तो पुरवते. जिल्ह्याच्या उरलेल्या भागाचा परवाना टोरेंट गॅसकडे आहे.

महाराष्ट्राला या परावलंबनाचा पहिला धडा दाभोळला मिळाला होता, पण तो वीजदराच्या वादात हरवला. एन्रॉनचा तिथला वीजप्रकल्प पुढच्या टप्प्यात आयात केलेल्या द्रव वायूवर चालायचा होता. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षअखेरीस कंपनीचे दिवाळे निघाले, आणि दाभोळच्या टर्मिनलवर द्रव वायू यायला २०१३ उजाडले. त्यानंतरही लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्याने पावसाळ्यात जहाज लागणे वर्षानुवर्षे बंद राही. आयात इंधनाची साखळी विहिरीपासून बंदरापर्यंत लांब असते आणि ती कोणत्याही कडीत तुटू शकते, हे राज्याने स्वतःच्या किनाऱ्यावर पाहिले आहे.

एक बारकावा एरवी दुर्लक्षित राहतो. देशातल्या जुन्या क्षेत्रांतून निघणारा, सरकारने भाव बांधलेला स्वस्त वायू शहरी वितरणात प्रथम घरगुती स्वयंपाकाला आणि सीएनजीला दिला जातो. कारखान्याच्या जोडणीला त्यात वाटा नाही. तिथला वायू मुख्यतः आयात द्रव वायूच्या भावाने घ्यावा लागतो. नळात रेणू एकमेकांत मिसळलेले असतात हे खरे, पण बिल करारावर निघते. म्हणून देशाचे सरासरी परावलंबन निम्मे असले, तरी रांजणगावच्या एखाद्या ओव्हनचे ते जवळपास पूर्ण असू शकते.

या भावाची चंचलता २०२० ते २०२२ या तीन वर्षांत पुरती दिसली. २०२० च्या उन्हाळ्यात आशियातल्या तात्कालिक बाजारात दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांना दोन-अडीच डॉलर पडत होते. २०२२ मध्ये हाच भाव ५० डॉलरच्या वर जाऊन आला. त्याच वर्षी ‘गेल’ या सरकारी वायुकंपनीला रशियन कंपनीशी असलेल्या दीर्घ मुदतीच्या करारातली जहाजे मिळेनाशी झाली. गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल कारखान्यांनी त्या काळात नैसर्गिक वायू सोडून प्रोपेनची वाट धरली. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते, पण प्रोपेनही परदेशातूनच येतो. एक आयात सोडून दुसरी धरली, तर भावाची जोखीम वाटली जाते. परावलंबन तसेच राहते. दगडी कोळशाकडे परतणे हा असाच आणखी एक फसवा मार्ग आहे. तेवढ्याच उष्णतेसाठी कोळशातून नैसर्गिक वायूच्या दीडपटीहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो, राख निघते ती वेगळीच, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा बराच कोळसा बंदरांतूनच उतरतो.

मग कापायचे कुठून? या विषयाची किल्ली तापमानात आहे. धुलाई, पाश्चरीकरण, बॉयलरला जाणारे पाणी आधी तापवणे यांना ६० ते १०० अंश पुरतात. रसायने, औषधे, खाद्यपदार्थ यांची बहुतेक कामे १२० ते १८० अंशांच्या वाफेवर होतात. रंगाचे ओव्हन साधारण याच पट्ट्यात येतात, फक्त त्यांना वाफेऐवजी स्वच्छ गरम हवा हवी असते. काही रासायनिक अभिक्रियापात्रांना थर्मिक तेलाची अडीचशे-तीनशे अंशांची उष्णता लागते. धातू वितळवणे त्याच्याही वर. वायूची ज्योत दोन हजार अंशांच्या आसपास जाते. तिच्यावर सत्तर अंशांचे पाणी तापवणे ही चैन आहे. ती चैन बहुतेक कारखाने करतात, कारण नळ जोडला की सगळ्या कामांना तोच सोयीचा पडतो.

सर्वांत स्वस्त वायू म्हणजे न जाळलेला वायू, आणि तो वाफेच्या जाळ्यात सापडतो. वापरून झालेली वाफ थंड होऊन जे पाणी होते ते, म्हणजे कंडेन्सेट, गटारात न सोडता बॉयलरकडे परत आणले तर पाणी आणि इंधन दोन्ही वाचते. बॉयलरच्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले की इंधन सुमारे एक टक्का कमी लागते, हा या धंद्यातला ठरलेला आडाखा आहे. कुरकुंभसारख्या कोरड्या भागात वाचलेल्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. नादुरुस्त स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपा), उघड्या वाहिन्या, धुरांड्यातून वाया जाणारी उष्णता यांवर उपाय करणारे तंत्रज्ञान बाहेरून आणावे लागत नाही. वाफेच्या व्यवस्थापनात फोर्ब्स मार्शल आणि बॉयलरमध्ये थरमॅक्स, दोन्ही पुण्याच्याच कंपन्या. तरीही हे काम मागे पडते. नव्या बॉयलरचे उद्घाटन करता येते, स्टीम ट्रॅपचे होत नाही.

खालच्या तापमानाच्या कामांसाठी या तालुक्यांत ऊन आहेच. महाराष्ट्रात याची उदाहरणे जुनी आहेत. लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची ‘अरुण’ तबकडी २००६ पासून दूध पाश्चरीकरणासाठी बसवलेली होती. चाकणला महिंद्राच्या कारखान्यात अशीच तबकडी इंजिनचे भाग धुण्याचे पाणी तापवण्यासाठी वापरली गेली. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ तबकड्यांची वाफ स्वयंपाकाला जोडली गेली. प्रयोग चालले, पण फार पसरले नाहीत. आरशांना सूर्यामागे फिरवणारी यंत्रणा सांभाळावी लागते, धूळ पुसावी लागते, आणि पावसाळ्याचे चार महिने जुना बॉयलर हाताशी ठेवावाच लागतो. त्यामुळे आता कल उष्णता-पंपाकडे आहे. शीतकपाटाचे तत्त्व उलटे वापरून हा पंप एक एकक विजेत तीन एकक उष्णता देऊ शकतो, ९० अंशांपर्यंत सहज आणि नव्या यंत्रांत त्याच्या वरही. शीतकपाटे बनवणाऱ्या रांजणगावला हे तंत्र परके वाटू नये. शिवाय जिथे एका बाजूला थंडावा आणि दुसऱ्या बाजूला गरम पाणी दोन्ही लागतात, उदाहरणार्थ खाद्यपदार्थांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत, तिथे एकाच पंपाची दोन्ही टोके कामी येतात.

वाफेच्या मधल्या पट्ट्यात जैवभाराची पाळी येते, आणि त्यात पहिले नाव बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस निघते. निम्मे वजन पाण्याचे असल्याने तिची उष्णता किलोला साधारण २,२०० ते २,३०० किलोकॅलरी एवढीच भरते. बॉयलरची कार्यक्षमता धरली तर एक घनमीटर वायूची जागा घ्यायला साडेचार ते पाच किलो बगॅस लागते. हंगामात पाच लाख टन ऊस गाळणारा कारखाना घेतला तर बगॅस सुमारे १ लाख ४० हजार टन होते. तिच्यातली बहुतेक त्याच कारखान्याची वाफ आणि वीज करण्यात जाते. काटकसरीने दहा टक्के शिल्लक राहिली असे धरले, तर ते १४ हजार टन सुमारे ३० लाख घनमीटर वायूच्या तोडीचे ठरतात. वर्षाकाठी सात हजार तास चालणारा ताशी सहा टन वाफेचा एक बॉयलर तेवढ्यावर भागतो. एका बॉयलरसाठी हे पुष्कळ आहे, पण अख्ख्या वसाहतीची गरज त्याने भागणार नाही.

ही शिल्लकही मोकळी पडून नाही. सहवीजनिर्मिती, कागद आणि पार्टिकल बोर्डाचे कारखाने तिचे जुने गिऱ्हाईक. आता उरलेल्या चोथ्यापासून इथेनॉल करण्याचे तंत्रही आले आहे. प्राज इंडस्ट्रीजचा तशा जैवरिफायनरीचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१७ मध्ये दौंड तालुक्यातच, राहूला सुरू झाला. त्यात हंगामाची अडचण. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडी संपते, कुरकुंभची वाफ बारा महिने लागते. मधल्या काळात बगॅसच्या गंजी आगीपासून आणि पावसापासून सांभाळायच्या. आणि कारखाना चालूच राहील याचीही शाश्वती नसते: भीमा पाटस काही वर्षे बंद राहून निराणी समूहाकडे भाडेतत्त्वावर गेल्यावर २०२२ मध्ये पुन्हा पेटला, घोडगंगाची धुरांडी अलीकडच्या हंगामांत थंड राहिली. ऊस तेव्हा शेजारच्या कारखान्यांकडे जातो आणि त्याच्याबरोबर बगॅसही जाते. शेजारच्या औद्योगिक वसाहतीने आपल्या इंधनाचा भरवसा सहकाराच्या आर्थिक प्रकृतीवर ठेवायचा तर ही जोखीम करारात लिहूनच घ्यावी लागेल.

बगॅसखेरीज शेतात पाचट राहते, हेक्टरी आठ ते दहा टन. लागवडीच्या घाईत ते पेटवून देण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, याच पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याचे तंत्र विकसित केले आणि २००२ मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तुराट्या, पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा यांच्या ब्रिकेट, ज्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, बॉयलरवाल्यांच्या परिचयाच्याच आहेत. मात्र पाचट हा टाकाऊ माल नव्हे. खोडव्यात ते सरीत पसरले तर ओल टिकते, तण दबते, जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्याला पाचटाचा हा उपयोग कोणत्याही बॉयलरमालकाच्या भावापेक्षा मोलाचा ठरू शकतो. पेटवले जाणारे पाचट घ्यावे, आच्छादनाचे घेऊ नये, ही मर्यादा पाळली तरच या इंधनाला नवीकरणीय म्हणणे प्रामाणिक ठरेल.

स्वस्त इंधनाच्या मागे लागण्याचा दुसरा धोका गुऱ्हाळांनी दाखवला आहे. पूर्वी चरकातून निघालेली चिपाडे उन्हात वाळवायची आणि जळव्याने ती चुलवणात टाकत राहायची, एवढ्यावर काहील उकळत असे. गाळप वाढले, चिपाडे वाळायला जागा आणि वेळ पुरेना, तेव्हा बाहेरचे इंधन आले. त्यात टाकाऊ प्लास्टिक, रबर, चपला-बूट जाळले जात असल्याच्या तक्रारी दौंड तालुक्यातून वारंवार झाल्या. तिथे आयात वायूचा एक थेंबही लागत नव्हता, आणि तरी गावावर काळा धूर बसत होता. चुलवणाची रचना सुधारली, हवा नीट खेळवली आणि धुराची उष्णता रस आधी तापवायला वापरली, तर स्वतःची चिपाडे गुऱ्हाळाला पुरतात; अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे अवघड नाही.

उरतो तो जैववायू. या इंधनाचा भारतातला इतिहासच मुंबईत सुरू होतो: माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ मध्ये मैल्यापासून वायू तयार करून वापरला गेला. आज औद्योगिक प्रमाणावर तो शुद्ध करून, मिथेनचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर नेऊन, दाबाखाली भरला जातो आणि नैसर्गिक वायूच्याच बर्नरमध्ये जळतो. साखर पट्ट्यात त्याचा मुख्य कच्चा माल प्रेसमड. रस गाळल्यावर उरणारा हा गाळ उसाच्या तीन ते चार टक्के असतो. सुमारे २५ टन प्रेसमडमधून एक टन वायू मिळतो. वर घेतलेल्या पाच लाख टनांच्या कारखान्याचा हिशेब केला तर साडेसतरा हजार टन प्रेसमड आणि ७०० टन वायू, म्हणजे दहा लाख घनमीटरच्या आतबाहेर. ताशी दोन टन वाफेचा बॉयलर त्यावर वर्षभर चालेल. तोच वायू वाफेऐवजी रंगाच्या ओव्हनला किंवा धातूच्या भट्टीला दिला, जिथे धूर आणि राख चालतच नाही, तर त्याचे चीज होते. ब्रिकेटवर होणारे काम जैववायूवर करणे ही त्याची नासाडी आहे. प्रेसमड उघड्यावर पडून राहिला की कुजून त्यातला वायू आधीच निघून जातो, म्हणून बारमाही प्रकल्पाला साठवणीची सोय किंवा डिस्टिलरीचे सांडपाणी (स्पेंटवॉश), शेण, नेपियर गवत अशी जोड लागते. वायू काढून झाल्यावरचा गाळ खत म्हणून शेतात परत जातो, ही या मार्गाची मोठी जमेची बाजू.

आतापर्यंतचा हिशेब इंधनाचा झाला. वायू काही कारखान्यांत कच्चा माल म्हणूनही येतो, आणि तो बॉयलर बदलून हटत नाही. एथिल अमाइन तयार करायला अल्कोहोल आणि अमोनिया लागतात. अल्कोहोल ऊस देऊ शकतो. अमोनिया मात्र नैसर्गिक वायूपासून होतो, आणि त्याची जागा घेऊ शकणारा, पाण्यापासून मिळवलेल्या हायड्रोजनचा अमोनिया अजून महाग आहे. कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीत परावलंबनाचा हा भाग सर्वांत शेवटी सुटेल.

धोरणाच्या पातळीवर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना जाहीर केली. २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन दाबित जैववायू हे तिचे उद्दिष्ट होते. मुदत संपली तेव्हा उभे राहिलेले प्रकल्प या आकड्याच्या जवळपासही नव्हते. खरेदीची हमी होती, पण कच्च्या मालाच्या भावाची आणि खताच्या विक्रीची नव्हती. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये मिश्रणाचे बंधन ठरले: शहरी वायुवितरकांनी २०२५-२६ मध्ये एक टक्का, मग तीन, मग चार आणि २०२८-२९ पासून पाच टक्के जैववायू मिसळायचा. हे बंधन सीएनजी आणि घरगुती नळाच्या वायूपुरते आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक जोडण्यांना ते लागू नाही.